नग सतरा

मशीन मी घेतलं होतं व्हॉल्व्ह शोधायला.
काळ्या मातीत लोखंडही वाट विसरतं.
पाइपलाइन टाकणारा मरतो, नाहीतर पुण्याला जातो,
आणि कुणालाच आठवत नाही
जोड बाभळीच्या अलीकडं होता की पलीकडं.
मग मला फोन येतो.
तासाला दोनशे, पेट्रोल वेगळं.

कडुबाच्या वावरात, केळनेच्या काठाला,
नव्या विहिरीच्या उपशावर मशीन ओरडलं.
लोखंडावर ओरडतं तसं जाड नाही;
टिटवीसारखं, बारीक, खोटं वाटणारं.
ढेकूळ निघालं मुठीएवढं, हिरवट,
शेवाळ खाऊन झोपल्यासारखं.
बादलीत सोडलं
तर रात्रीतून त्याचे अठरा झाले.

दुसऱ्या दिवशी सगळं भोकरदन शहाणं झालं.
द्वारका म्हणाली, चिंच लावा,
देवाचा तांब्या कसा निघतो लख्ख.
सुपडू म्हणाला, बॅटरीचं ॲसिड, दोन मिनिटं, बस.
सराफानं विचारलं, वजन किती?
सांगितलं, तर तो पुन्हा पेपर वाचायला लागला.
मुनीरचाचांनी
(अर्ध्या तालुक्याची भांडी त्यांच्या हातून कलई होऊन गेलीत)
एक नाणं चष्म्याजवळ नेलं,
नख लावलं नाही, वास घेतला.
'कामून घाई करतो बाबा?
ह्याला जे झालंय ना, तेच आता हे आहे.'
मला वाटलं, म्हातारं माणूस,
बोलायचं म्हणून बोलतंय.

रात्री लाइट नव्हती.
मोबाइलच्या उजेडात एक निवडलं,
ज्याच्यावर हत्तीची पाठ असावी असं वाटायचं.
चिंचेचा कोळ, मीठ, जुना टूथब्रश.
आधी हिरवं सुटलं, मग तपकिरी,
आणि ब्रशखाली तांबं हसलं
सोललेल्या वायरसारखं.
हत्ती नव्हता.
उलटून पाहिलं. बोटानं चाचपलं.
बशीतल्या गाळात बोट फिरवलं.

हत्ती गंजात होता.
तांबं त्याला कधीच विसरलं होतं,
त्या हिरव्या दुखण्यानंच
इतकी वर्षं धरून ठेवला होता त्याला.
आणि मी दुखणं बरं केलं.

उरलेल्या सतरांना ब्रश दाखवला नाही.
इन्व्हर्टरच्या दुकानातून बॅटरीचं पाणी आणलं,
लोणच्याच्या बरणीत एकेक सुटं ठेवलं.
रविवारी पोरीची न्हाणी, मग ह्यांचं पाणी.
पहिल्या रविवारी निळसर आलं,
चौथ्या रविवारी जरासंच.
एकावर पिठासारखी फिकी भुकटी धरली,
ते वेगळं काढलं, कोरडं केलं,
बुटाच्या खोक्यातल्या पांढऱ्या पुड्यांत निजवलं.
हे सगळं दाभाडे सरांनी सांगितलं.
हेही त्यांनीच सांगितलं की जमिनीत सापडलेलं
आधी तहसीलला कळवावं लागतं.
विहीर बंद पाडतील म्हणून कडुबा
आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

कारकुनानं पंचनामा लिहिला:
गंजलेले गोल तुकडे, नग सतरा.
बाजारभाव... पेन थांबलं.
निरंक.
मी सही केली.
अंगठ्याला कुठंतरी हिरवं लागलेलं,
ते कागदाच्या कोपऱ्यात उमटलं.
त्यानं पुसून पाहिलं, मग राहू दिलं.

अठरावं घरीच आहे.
त्याचा काय पंचनामा करणार?
पोरगी भावाशी भांडण झालं की तेच घेते,
छापा का काटा म्हणते,
पार पत्र्यापर्यंत उडवते.
फरशीवर पडतं, गरगरतं, थांबतं.
दोघं वाकून बघतात
आणि परत उडवतात.